कपाळाचं हाड

पडद्यावरची कवटी गरकन फिरली, तशी सायबुआबाईंनी मांडीवरची चिकट भाताची टोपली बाजूला सारली आणि हात जोडले.

"आई, अगं मी जिवंत आहे!" पिम्दाओ दबक्या आवाजात खेकसली. "माझाच स्कॅन आहे तो."

"माहितीये." हात मात्र जोडलेलेच.

उघडं हाड त्यांनी शेवटचं पाहिलं ते नवऱ्याच्या, तोंगसुकच्या, अस्थी वेचताना, विहाराच्या आवारात. आणि भुवयांवरचा हा उंचवटा तर हुबेहूब तोंगसुकचा. त्याच्याखालूनच तो मुलगा म्हणून जन्मलेल्या या लेकीच्या लांब केसांकडे आठी घालून बघायचा. बँकॉकला येताना बसमध्ये बाईंनी ठरवून टाकलं होतं, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना हळूच सांगायचं: कपाळ सगळं तासू नका, थोडं राहू द्या, त्याचं म्हणून एवढंच उरलंय.

"हा उंचवटा या लाल रेघेपर्यंत मागे घ्या," पिम्दाओ डॉक्टरांना सांगत होती. "आरशात रोज बाबाच रागावून बघतात. लिपस्टिक लावताना तर जास्तच."

डॉक्टर थवातनी कवटी आडवी वळवली. "याच्या आत हवेची पोकळी आहे. म्हणून हा तुकडा कापून काढायचा, तासायचा आणि परत तिथेच बसवायचा."

"आत नुसती हवा?" सायबुआबाई म्हणाल्या. "आणि आम्ही दोघी जन्मभर घाबरलो?"

पिम्दाओ खुदकन हसली. मग एकदम थांबली.

"परत बसवणार? म्हणजे बाबा राहणारच?"

"हाड राहील, उंचवटा जाईल. किती मागे घ्यायचं ते आज पक्कं करू."

पिम्दाओ पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं खुर्ची आईकडे वळवली.

"तूच सांग ना, आई. मला काही सुचेनासं झालंय. संसार तू केलास त्यांच्याबरोबर."

बाईंना हेच तर हवं होतं. त्यांनी बोट उचललं. लाल रेघेच्या अलीकडेच थांबायचं होतं. बोट काचेवर टेकलं, सरकत रेघेपाशी आलं आणि ती ओलांडून आत गेलं.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"करता येईल, आई. पण हिनं मागितलं होतं त्याहून हे जास्त आहे."

पिम्दाओनं आईकडे पाहिलं. आई आपल्याच बोटाकडे बघत होती.