जॅकखालचा पाट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाट आहे. तुमच्या घरी आता टेबलखुर्ची असेल, म्हणून आधी ओळख करून देतो: पूर्वी लोक जमिनीवर मला मांडून माझ्यावर जेवायला बसत. माझ्या पाठीवर मधोमध एक गोल खळगा आहे. तो जीपच्या जॅकने पडलेला आहे. कसा, तेच आज सांगायचं आहे.

नागपूरच्या एका सुताराने मला हेमलताबाईंच्या लग्नासाठी घडवलं. अस्सल सागवान, कोपऱ्यांत पितळी फुलं. लग्नानंतर मी त्यांच्याबरोबर दिल्लीला, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात आलो. तिथे लवकरच जेवणाचं टेबल आलं. माझ्या खालची एक पट्टीही निखळली आणि मी पलंगाखाली गेलो.

मला बाहेर काढलं ते हेमलताबाईंच्या यजमानांनी, श्यामकांतरावांनी. ते भूजल खात्यात होते. लिलावात घेतलेली एक जुनी जीप हा त्यांचा जीव की प्राण. एकदा अरवलीच्या वाळूत चाक बदलताना त्यांचा जॅक रुतला. घरी येताच त्यांनी माझी दुसरी पट्टीही ठोकून काढली आणि मला सपाट केलं.

"अहो, लग्नातला पाट आहे तो!"

"म्हणून तर मजबूत आहे. जॅकखाली ठेवला की भार पसरतो, जॅक रुतत नाही."

हेमलताबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण मला मात्र बरं वाटलं. कामाला लागलो होतो ना!

रविवारी जीपमध्ये माझ्याबरोबर श्रीरंगही असायचा. हा हेमलताबाईंचा धाकटा भाऊ. पहाडगंजच्या एका शाळेत मुलांना खो-खो शिकवायचा. खो-खोच्या पाटीवर खेळाडू बसतात तसा उकिडवा बसायचा आणि पापणी लवायच्या आत उठून पळायचा. श्यामकांतराव त्याची परीक्षा घेत.

"बोल, मागचं चाक पंक्चर. आधी काय?"

"हँडब्रेक. पुढच्या चाकांना दगड. गाडी जमिनीवर आहे तोवरच नट सैल. मग पाट, पाटावर जॅक."

"आणि स्टेपनी?"

"गाडीच्या पोटाखाली आडवी. जॅक सुटला तर गाडी तिच्यावर बसेल."

"आणि अंग?"

"अंग बाहेर, भावोजी. खो-खोवाला आहे मी, पळायला शिकवू नका!"

वर्षातून एकदाच मी घरात येत असे, भाऊबीजेला. हेमलताबाई ग्रीस घासून काढत, माझ्याभोवती रांगोळी काढत आणि श्रीरंगला माझ्यावर बसवून ओवाळत. ओवाळून झालं की श्यामकांतराव मला परत जीपमध्ये टाकत.

त्या वर्षी ओवाळून झालं, लाडू खाऊन झाले, आणि दोघांना यमुनेच्या खादरात चक्कर मारायची हुक्की आली. खादर म्हणजे नदीकाठची पुराची सपाट जमीन. श्यामकांतराव मला उचलायला वाकले.

"आत्ता नका हो हलवू," हेमलताबाई म्हणाल्या. "निरांजन तेवतंय अजून. भाऊ घराबाहेर पडत असताना त्याची रांगोळी मोडू नये. आमच्या आईकडे कध्धी मोडत नसत."

"अगं, पण वाटेत काही झालं तर?"

"सणासुदीचं असं बोलू नका बाई."

"चलो भावोजी, ताईशी कोण वाद घालणार?" श्रीरंग हसत म्हणाला. दार लागलं. मी रांगोळीत बसून राहिलो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. श्यामकांतराव नंतर कितीदा तरी तेच सांगत राहिले, त्यातून मला कळलं. मागचं चाक पंक्चर झालं. पाट नव्हता, म्हणून जॅकखाली एक वीट ठेवली. "स्टेपनी खाली सरकव आधी," श्यामकांतराव म्हणाले. "अहो, ती तर आत्ता लावायचीय! दोन मिनिटांचं काम," श्रीरंग म्हणाला. तो एक पाय गाडीखाली लांब करून बसला होता. वरची माती वाळलेली होती. खाली ओल होती. वीट एका अंगाला कलली आणि जीप खाली आली.

त्याला पळता आलं नाही.

रात्री हेमलताबाई इस्पितळातून घरी आल्या तेव्हा निरांजन विझलेलं होतं. रांगोळी जशीच्या तशी होती. त्या तिच्यासमोर बसल्या आणि हाताने ती पुसत राहिल्या. फरशी कोरडी लख्ख झाली तरी पुसत राहिल्या.

पाय वाचला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. श्रीरंग काही दिवस मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसून शिट्टी वाजवत असे. मग त्याने शिट्टी ठेवून दिली आणि शाळेच्या कचेरीत बसू लागला. जीप विकली गेली. मला गच्चीत टाकलं. उन्हाने मी तडकलो, पितळी फुलं काळी पडली. भाऊबीजेला हेमलताबाईंनी श्रीरंगची वाट पाहायची आणि तो यायचा नाही. अशा किती भाऊबिजा गेल्या.

श्यामकांतरावांची मुलगी अलका अपघाताच्या वेळी रांगत होती. ती मोठी झाली, वडिलांसारखीच भूजल खात्यात लागली. तिला अरवलीत फिरायला जीप मिळाली, त्या वर्षीच्या भाऊबीजेला दार वाजलं. काठी टेकत श्रीरंग आत आला. केस पिकले होते.

"ताई, पाट कुठाय?"

"तू खुर्चीवर बस रे."

"खुर्चीवरच बसतो. पाट आण."

गच्चीतून मला आणलं. हेमलताबाईंनी माझ्याभोवती रांगोळी काढली; रेघ नीट येत नव्हती. श्रीरंगने तो ताठ पाय माझ्यावर टेकवला. तबक फिरलं. मग त्याने दोन्ही हातांनी पाय उचलून बाजूला घेतला.

"ताई, आता उचल. अलकाच्या गाडीत ठेव."

निरांजन तेवत होतं. हेमलताबाईंनी मला उचललं. रांगोळी फिसकटली. साडीला पांढरे हात लागले, तशाच त्या जिना उतरल्या.

मित्रांनो, आता मी अलकाच्या जीपमध्ये असतो. माझ्या फटींत ती पांढरी पूड अजून आहे. मोठे होऊन तुम्ही गाडी चालवाल, तेव्हा जॅक लावण्याआधी जमीन पाहा. आपलं कुणी बरोबर असेल तर त्याला गाडीखाली हातपाय घालू देऊ नका. आणि निघताना माझ्यासारखा एखादा पाट आठवणीने उचला. रांगोळी मोडली तर मोडू द्या. ती पुन्हा काढता येते.