पडद्यामागचा फासा

दार मी बनवलंय, म्हणून सांगतो, ते बाहेरून उघडणार नाही. दार आत उघडतं, बिजागऱ्या आतल्या बाजूला, आणि खाली आतून पाचर ठोकलेली. पाचरही माझीच, सागवानी. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून आई कटकट करायची, तिला करून दिली होती. धाकट्या बहिणीने ती उचलली, खोलीत गेली आणि आतून हाणली. नवरा गेल्यावर ती इथे राहायला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सुतार मी, घर माझं, दार माझं, पाचर माझी आणि बाहेर उभा मीच. आता बोला!

ही युक्ती तिला कुठून सुचली तेही मला ठाऊक आहे. आमचा एक खेळ होता. दर रविवारी आम्ही चौघं टेबलाभोवती बसायचो. एकाने गोष्ट सांगायची, तळघरांची, राक्षसांची, खजिन्याची. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासा टाकून ठरवायचं. गोष्ट सांगणारा मी, म्हणून खेळात सगळे मला मास्तर म्हणायचे. माझ्यापुढे प्लायवूडचा बुटका पडदा असायचा. माझे फासे त्याच्यामागे पडायचे, ते कुणी बघायचे नाहीत.

माझा मित्र बेकरीवाला, तो जादूगार. दाजी, म्हणजे धाकटीचा नवरा, तो सरदार. चिलखत जडशीळ, तलवार लांबलचक आणि अक्कल दिव्य. एरवी बिचारा उंच इमारतींना रंग द्यायचा आणि मुंगीलाही वळसा घालून जायचा. आणि धाकटी? तिला तलवार नको, मंत्र नको. तिचं पात्र म्हणजे एक हमालीण. पाठीवर पोतं, पोत्यात दोर, खडू, पीठ, तेलाची बाटली, पाचर, छोटा आरसा. आम्ही तिला गाठोडं म्हणून चिडवायचो.

पण त्या गाठोड्यानेच आम्हाला तारलं. अदृश्य चोर आला तर ही जमिनीवर पीठ उधळायची, पावलं उमटली की चोर सापडला. कोपऱ्यापलीकडे काय आहे ते बघायला आरसा पुढे करायची. बेकरीवाला ज्वाळांचा मंत्र शोधत कागद चाळत बसायचा, तोवर हिने राक्षसाच्या पायाखाली तेल ओतून त्याला लोळवलेलं असायचं. झोपायच्या आधी दाराखाली पाचर. पाचर मारलेलं दार बाहेरून तोडावंच लागेल, उघडता येणार नाही, हा निवाडा मीच दिला होता. बेकरीवाला त्यावरून माझ्याशी भांडला होता. मी म्हटलं, बाबा रे, सुतार कोण आहे इथे?

दाजी खड्ड्यात पडला नाही असा रविवार गेला नाही. पडला की धाकटी दोर सोडायची. पण नुसतं ‘दोर बांधला’ म्हटलेलं मी चालवून घेत नसे. कशी गाठ? दाखव बांधून! म्हणून टेबलाच्या पायाला ती खरा दोर बांधून दाखवायची. त्या हट्टापायी ती सगळ्या गाठी शिकली. मी लोंबकळून बघायचो, टेबल कलंडायचं, गाठ सुटायची नाही. दाजी बायकोकडे बघून असा फुलायचा, की गाठ त्यानेच बांधली असावी.

आणि तो मेला कसा? ज्या फळीवर बसून भिंत रंगवत होता, तिचा दोर गेला.

ती आत बसल्यावर मी पहार घेऊन आलो होतो. आईने हात धरला. म्हणाली, “तोडशील रे दार. पुढे काय? उचलून बाहेर ठेवशील तिला? माणूस आहे, कपाट नाही.” पहार मी भिंतीला टेकवली, ती अजून तिथेच आहे.

मग तिचीच विद्या तिच्यावर चालवली. घर झोपायच्या आधी तिच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पीठ पसरलं. सकाळी बघतो तर अनवाणी पावलं पाण्याच्या पिंपापर्यंत गेलेली आणि परत आलेली. ओट्यावर आईने झाकून ठेवलेलं ताट जसंच्या तसं. ताटासमोर दोन्ही पावलं जवळजवळ उमटली होती, म्हणजे थांबली होती ती तिथे. थांबली, आणि न खाता गेली. दर सकाळी तेच. दिवस जात होते आणि पोरगी पाण्यावर जगत होती.

“एवढ्या पिठात घरादाराचं जेवण झालं असतं,” आई म्हणाली. पण केरसुणी हातात घेऊन तशीच उभी राहिली. त्या पावलांवरून केरसुणी फिरवणं तिला जमेना. मलाही जमलं नाही.

बेकरीवाला पाव घेऊन आला तेव्हा मी त्याच्यावरच खेकसलो. काय उपयोग आहे तुझ्या पावांचा? तो गरीब माणूस, ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मास्तर, रविवार आहे. दारासमोरच खेळू या का?”

हे मला एकदम पटलं. धाकटीचा स्वभाव मला माहीत. आम्ही काही मूर्खपणा करायला लागलो की तिला गप्प बसवत नाही. दुसऱ्या खोलीतूनही ओरडायची, अरे गाढवांनो, दोर वापरा की! आम्ही टेबल ओढून तिच्या दारापाशी आणलं. मी प्लायचा पडदा उभा केला. दाजीची खुर्ची रिकामी होती. जन्मात खेळाकडे न बघितलेली आई पदर खोचून आली आणि तिच्यावर बसली. “जावयाचं पात्र मी घेते,” म्हणाली. “काय करायचं असतं यात?”

मी मोठ्या आवाजात सुरुवात केली, आत नीट जावं म्हणून. “सरदार खड्ड्यात पडलाय! दोराला लोंबकळतोय! खाली अंधार!”

“मी पक्षी होतो,” बेकरीवाला म्हणाला.

“अरे मेल्या, पक्षी होऊन काय उपयोग?” आई म्हणाली. “हात दे त्याला!”

मला आतल्या आत गुदगुल्या झाल्या. आता येईल बघ आवाज. मी आणखी चढलो. “दोर काठावर घासतोय! एक पेड तुटला! दुसरा तुटायला आला!”

आईने हातातला सरदाराच्या पात्राचा कागद खाली ठेवला. माझ्याकडे अशी बघत राहिली, की माझं मलाच कळलं. काय बोलून बसलो होतो मी? देवाशपथ, माझ्या डोळ्यांसमोर तळघर होतं, फक्त तळघर. खेळाच्या नादात मी तिच्या दारात उभा राहून तिच्या नवऱ्याला परत दोरावर लटकवलं होतं. मला थोबाडायला हवं होतं कुणीतरी.

आतून आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“गाठ कुणी बांधली होती, मास्तर?”

बेकरीवाला माझ्याकडे बघायला लागला.

“सांग ना. गाठ कशी, ते दाखवल्याशिवाय तू दोर मान्य करत नाहीस. कुणी बांधली?”

“अगं, खेळ आहे हा,” मी म्हटलं. “चुकलं माझं. जाऊ दे.”

“मी बांधली,” ती म्हणाली. “त्या दिवशी डबा द्यायला गेले होते. तो म्हणाला, तुझ्यासारखी गाठ या सगळ्या बाप्यांना जमत नाही, ये, वर येऊन बांधून दे. सगळ्यांसमोर मिरवत होता मला. मी बांधली आणि घरी आले.”

बेकरीवाल्याने तोंडावर हात घेतला. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी खुर्ची मागे टाकून दारापाशी गुडघ्यांवर बसलो.

“छोटे, ऐक. गाठ सुटली नव्हती. मी गेलो होतो तिथे, त्याच दिवशी. गच्चीवर चढलो होतो. गजाला तुझी गाठ तशीच्या तशी होती, हात लावून बघितली मी. दोर मध्ये तुटला, गाठीपासून लांब. कुजका होता दोर. तुझी गाठ शाबूत होती गं.”

यात तसूभर खोटं नव्हतं. पण दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. ठेकेदाराने गाठीसकट सगळा दोर संध्याकाळच्या आत गायब केला होता.

ती म्हणाली, “हे दादा म्हणून सांगतोयस की मास्तर म्हणून?”

“म्हणजे काय?”

“सरदार खड्ड्यात पडला की तू पडद्यामागे फासा टाकायचास. आणि म्हणायचास, सुटला बुवा! दर वेळी सुटायचा तो, दादा. दर वेळी. मला काय कळत नव्हतं फासा काय पडतोय ते?”

खरंच होतं. एकदाही मी त्याला मरू दिलं नव्हतं. फासा काहीही पडो, मी सुटला म्हणायचो. ती हसायची, दाजी मिशीला पीळ द्यायचा, आणि रविवार चांगला जायचा. त्यात काय बिघडलं होतं कुणाचं?

“आईची शपथ,” मी म्हटलं.

“खरं बोलतोय गं तो, बाळा,” आई म्हणाली.

“तू कुठे होतीस तिथे, आई?”

दाराखाली दोन बोटं फट आहे. गेल्या वर्षी दार घासत होतं म्हणून मीच तासलं होतं. त्या फटीतून हळूच काहीतरी सरकत आलं. तिचा पावडरीच्या डबीतला आरसा. तो तिरपा झाला आणि थांबला.

मी जमिनीवर आडवा झालो, गाल पिठात टेकवला. आरशात तिचा एकच डोळा दिसत होता, सुजलेला, लाल. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी तोंड सरळ ठेवायला गेलो. खोटं सांगताना ते कसं ठेवायचं याची मला वर्षानुवर्षांची सवय. खरं सांगताना कसं ठेवतात तेच आठवेना. ओठ थरथरायला लागले, पापणी लवायला लागली, आणि जितकं आवरावं तितकं माझंच मला बनावट वाटायला लागलं.

“सांग,” ती म्हणाली.

“गाठ शाबूत होती.”

डोळा मिटला नाही, हलला नाही.

“परत सांग.”

मी परत सांगितलं.