अकोल्याच्या उन्हात जावई

चिंतामण वकिलांच्या उजव्या हाताची तर्जनी सुजली ती नेमकी एप्रिलात. वकील संघाचा कॅरमचा अंतिम सामना तीन आठवड्यांवर आला होता आणि समोर होते खुशालराव वकील. गेल्या वर्षी जिंकलेली ढाल खुशालरावांनी दिवाणखान्यात टांगली होती. चिंतामणराव त्यांच्याकडं गेले की ज्या खुर्चीत बसत, तिच्या बरोबर समोर.

डॉक्टर स्वरालीनं रक्त तपासलं. "काका, शरीरात दाह वाढलाय. आणि ड जीवनसत्त्व फारच कमी आहे."

"अमरावतीत? अगं, इथं ऊन भिंतीतून आत येतं!"

"भिंतीत येतं, अंगावर येत नाही. घरातून गाडीत, गाडीतून कोर्टात. वरून काळा कोट."

"म्हणजे ड कमी म्हणून सूज?"

"दोन्ही बरेचदा बरोबर आढळतात. पण ड कमी म्हणून दाह वाढतो, की दाहामुळंच ड कमी दिसतं, हे अजून नीट ठरलेलं नाही."

"म्हणजे वादी कोण नि प्रतिवादी कोण, हेच ठरायचंय." वकिलांना हा आजार आवडू लागला.

स्वरालीनं सुजेवर गोळी दिली, आठवड्याला एक ड जीवनसत्त्वाची पुडी दिली आणि सकाळचं ऊन हातापायांवर घ्यायला सांगितलं. गोळी वकिलांनी घेतली. पुडी मात्र नाकारली. "वऱ्हाडात राहून ऊन विकत घ्यायचं? उद्या धूळही पुडीत मिळेल."

"मग अकोल्याला जा," बायको कुंदा म्हणाली. तिचं माहेर अकोल्याचं. "तुमच्या अमरावतीच्या उन्हात काय दम आहे? आमच्याकडं पारा नेहमी वर."

वकील सासुरवाडीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बनियनवर गच्चीत बसले. पाच मिनिटांत मेहुणा देवानंद धावत वर आला.

"अरे बापा! भाऊजी, उन्हात काहून बसले? घरात कोनं काई बोललं का तुमाले?"

"औषध आहे ते."

"असन औषध. पन शेजारचे काय म्हनतीन? जवायाले घरात जागा नाई?"

वकिलांना खाली आणून कूलरसमोर बसवण्यात आलं. कूलरला ताजा वाळा लावला होता. पुढच्या दिवशी ते पुन्हा वर गेले तर गच्चीवर हिरवी जाळी ताणलेली, खाली आरामखुर्ची, शेजारी टेबलफॅन आणि पन्ह्याचा तांब्या. "आता बसा मनसोक्त," देवानंद म्हणाला. वकील तिसऱ्या दिवशी मागच्या दारानं निसटले आणि गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथं गल्लीतल्या सुभद्राबाई छत्री घेऊन आल्या. "तुमी देवानंदभाऊच्या घरचे जवाई ना? असे उघडे काहून हिंडून राह्यले?" त्यांनी छत्री वकिलांच्या डोक्यावर धरली आणि घरापर्यंत आणून सोडलं.

आठवड्यानं वकील परतले ते थोडे जाड आणि बरेच गोरे होऊन.

कुंदानं दुधाचा पेला आणि पुडी समोर ठेवली. वकिलांनी आधी खिडकी लावली, मग पुडी घेतली. पण एक-दोन पुड्यांनी काय होणार? सामन्याच्या सकाळी सूज किंचित उतरलेली, बोट मात्र वाकायला तयार नव्हतं.

संध्याकाळी बोर्डावर पावडर पडली. प्रेक्षक दाटीवाटीनं उभे. पहिला डाव खुशालरावांचा होता, पण त्यांचा हात खिशातून निघेना.

"खुशालराव, स्ट्रायकर घ्या."

"घेतो ना. घाई काय आहे?"

"हात पाहू."

खुशालरावांनी हात काढला. दोन बोटं गाजरासारखी.

चिंतामणरावांनी आवाज खाली आणून विचारलं, "ड किती?"

"नऊ."

"माझं अकरा." या वर्षी चिंतामणराव प्रथमच पुढं होते.

दोघंही एकदम उठले, पंचांकडं वळले आणि तीस वर्षांच्या सवयीनं एका सुरात म्हणाले, "तारीख मिळावी."

पंचही वकीलच. कारण न विचारता त्यांनी उन्हाळी सुटीनंतरची तारीख दिली.

दुसऱ्या दिवसापासून दोघं सकाळी खुशालरावांच्या गच्चीवर बनियनवर बसू लागले. कोण जास्त काळवंडला, यावर अजून युक्तिवाद चालू आहे.