कोळ्यांचा बर्फ

"हे कुणाच्या परवानगीनं ठेवलंय?" बादलीत डोकावत निरीक्षक वियामिलनं विचारलं.

नेरेइदानं कोपरापर्यंत भिजलेला हात ॲप्रनला पुसला. "ज्यांचं आहे त्यांच्या."

बादलीत बर्फ होता, बर्फावर टॉवेलची जाड घडी आणि घडीवर इन्सुलिनच्या सेहेचाळीस कुप्या. प्रत्येक कुपीला चिकटपट्टी लावून वर नाव लिहिलेलं.

चक्रीवादळ होऊन एकोणीस दिवस झाले होते. पोर्तो रिकोच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या कोळीवाड्यात वीज नव्हती, फोन नव्हता, शहराकडे जाणारा पूल नदीत पडला होता. औषधाच्या दुकानाचं छप्पर खाडीतल्या झाडांत अडकून बसलं होतं. नेरेइदा काही नर्स नव्हती. तीस वर्षं ती कोळ्यांच्या संस्थेत मासे तोलत होती आणि बोटींना बर्फ देत होती. वादळानंतर तिसऱ्या दिवशी म्हातारी तोमासा, आयुष्यभर गावाचे कपडे शिवलेली, ओल्या फडक्यात कुपी गुंडाळून आली आणि म्हणाली, "मूठभर बर्फ दे गं. घरात भट्टी झालीय, औषध नासेल." दुसऱ्या दिवशी अकराजण आले. संस्थेचा प्रमुख एलादियो यानं सगळ्यांना बोलावलं. मासे विकायला बाजारच उरला नव्हता, तेव्हा प्रत्येकानं आपल्या बोटीतलं डिझेल बर्फखान्याच्या जनरेटरला दिलं. लोक सकाळ-संध्याकाळ येत, आपली कुपी घेऊन तिथंच सुई टोचून घेत आणि घरी जात.

इतक्या दिवसांत सरकारचा म्हणून जो पहिला माणूस आला, तो हा वियामिल. त्यानं पाणी आणलं नव्हतं, ताडपत्री आणली नव्हती. लाल स्टिकरांची गुंडाळी आणली होती.

"दोन्या नेरेइदा, हे बर्फाचं यंत्र माशांसाठी आहे," नावाआधी मानाचं 'दोन्या' लावून तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "इथं औषध ठेवून उद्या कुणाला काही झालं तर जबाबदार कोण?"

"आणि नाही ठेवलं नि झालं, तर?"

"शहरातल्या क्रीडागृहात मदत केंद्र उघडलंय. तिथं फ्रीज आहे. ज्याचं त्यानं येऊन न्यावं."

"पूल कुठाय यायला?"

पुलाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तो गाडी लांबच्या डोंगरातून फिरवून आला होता. त्यानं कुप्या खोक्यात भरल्या, बर्फखान्याच्या दारावर स्टिकर चिकटवला आणि गेला. तो गुरुवार होता.

शुक्रवारी नेरेइदा दोराला धरून नदी ओलांडून, दीड तास चालून क्रीडागृहात पोचली. टेबलामागं एक मुलगी होती.

"तोमासाची कुपी द्या. कालपासून तिला सुई नाही."

"रुग्णानं स्वतः यायचं. ओळखपत्र आणि डॉक्टरची चिठ्ठी."

"चिठ्ठी छपराबरोबर उडाली तिची."

"मग नवीन आणा."

"कुठून आणू?"

मुलीनं नेरेइदाच्या खांद्यावरून मागं पाहिलं. "पुढचे कोण?"

शनिवारी एलादियोनं बोट काढली. आपल्या बोटीत उरलेलं शेवटचं डिझेल त्यानं त्या फेरीसाठी घातलं. तोमासाला दोघांनी उचलून बसवलं. तिचा श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता, सकाळपासून पोटात पाणी ठरत नव्हतं. तरी डोक्याला इस्त्रीचा रुमाल बांधायला ती विसरली नव्हती.

"माशांत घालून मला विकायला नेतोयस की काय?" तिनं एलादियोला विचारलं.

"वजनात भरत नाहीस, दोन्या. कोण घेणार तुला?"

ती हसली. मग बराच वेळ डोळे मिटून पडून राहिली.

क्रीडागृहाला कुलूप होतं. सोमवारी सकाळी आठला उघडेल, असा कागद दारावर होता. नेरेइदानं पहारेकऱ्याचा दंड धरला. "आत औषध आहे. हिचं नाव आहे त्याच्यावर. माझ्या अक्षरात आहे."

"किल्ली माझ्याकडं नाही, बाई. शपथेवर सांगतो."

एलादियोनं दाराला तीन लाथा घातल्या. दार लोखंडी होतं.

दवाखान्यात एकच डॉक्टर होता आणि तिथलं इन्सुलिन सकाळीच संपलं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर त्यानं सलाईन लावलं. दुपारी चार वाजता तोमासा गेली. नेरेइदाच्या मांडीवर तिचं डोकं होतं. पाचशे पावलांवर, कुलपाआड, तिची कुपी होती.

डॉक्टरनं कागद भरला. मरणाचं कारण : वृद्धापकाळ, मधुमेह.

"खोटं आहे हे," नेरेइदा म्हणाली. "वादळ लिहा. नाहीतर क्रीडागृह लिहा."

"त्याला रकाना नाही, बाई." तीन रात्री न झोपलेल्या त्या माणसानं मान वर केली नाही.

सोमवारी सकाळी कोळीवाड्यात ट्रक आला. वियामिल खाली उतरला आणि बर्फखान्याच्या दारावरचा स्टिकर स्वतःच नखानं खरवडू लागला.

"दवाखान्याच्या शवागाराचं यंत्र बंद पडलंय," तो म्हणाला. "बर्फ लागेल. रीतसर परवानगी आणलीय."

एलादियो दारात आडवा उभा राहिला. "जिवंत माणसाच्या औषधाला हा बर्फ चालत नव्हता. मेल्यावर चालतो?"

"त्याचे नियम वेगळे आहेत."

"देऊ नकोस गं, नेरेइदा. कुजू दे त्यांचे नियम उन्हात."

या माणसाला हात हलवत परत पाठवायचं, एवढंच नेरेइदाला हवं होतं. त्याचाच तिला जास्त राग आला, की तेवढंही तिला करता येत नव्हतं.

"तोमासा तिथं आहे," ती म्हणाली. "दवाखान्यातून निरोप धाडलाय, पण तिचा पोरगा गुरुवारशिवाय पोचत नाही." आणि तिनं फावडं उचललं.

ट्रक भरल्यावर ती आणि एलादियो पोत्यांवर चढून बसले. शहरात शिरताच तिनं टपावर फावडं आपटून क्रीडागृहासमोर गाडी थांबवायला लावली. रांग बाजूला सारून ती सरळ फ्रीजपाशी गेली. दार उघडलं तर आत अंधार होता. फ्रीजची वायर कारखान्यातून बांधून आली तशीच गुंडाळलेली होती.

"बाई, सही लागेल," टेबलामागची मुलगी म्हणाली.

नेरेइदा खोकं घेऊन बाहेर आली. तिनं एक कुपी काढून वियामिलच्या तळहातावर ठेवली.

"थंड आहे?"

वियामिलनं कुपी बोटांत फिरवली.

"चार दिवस तुमच्याकडं होती. सांगा. थंड आहे का?"

"नाही."

"मोठ्यानं सांगा. नदी ओलांडून येऊन रांगेत उभे आहेत त्यांच्याही आहेत यात."

त्यानं मोठ्यानं सांगितलं नाही. पण रांगेतल्या लोकांनी ऐकलं होतं आणि एकेकजण ट्रकभोवती येऊन उभा राहिला. त्यांच्यापैकी दोघांनी आपल्या गाड्यांतलं डिझेल एलादियोला दिलं. त्याच दुपारी कोळीवाड्यातून दोन बोटी दक्षिणेच्या बंदराकडं गेल्या आणि बुधवारी नवीन औषध घेऊन परतल्या. बर्फखान्यात पुन्हा बादली ठेवली गेली. स्टिकर लावायला कुणी आलं नाही.

गुरुवारी तोमासाचा मुलगा विल्फ्रेदो न्यू जर्सीहून पोचला. शवागारात बर्फ बदलायचं काम नेरेइदाच करत होती, तिनंच त्याला आईपाशी नेलं. त्यानं आईच्या कपाळाला हात लावला. मग खिशातून डॉक्टरनं दिलेला कागद काढून त्यानं पुन्हा वाचला.

"वृद्धापकाळ," तो म्हणाला. "महिन्यापूर्वी फोनवर मला ओरडत होती. लग्नाचा झगा शिवतेय, मधे बोलू नकोस म्हणाली. खरं काय झालं?"

"लांब आहे सांगायला."

"असू दे."

"आणि नावं आहेत त्यात. माणसांची."

विल्फ्रेदोनं कागद उलटा करून भिंतीवर धरला आणि पेन काढलं. वितळलेलं पाणी दोघांच्या पायांखालून मोरीकडं चाललं होतं.

"आधी वार लिही," नेरेइदा म्हणाली. "मागचा गुरुवार."