मेनिफोल्डात अक्षता

इरावतीने इंजिनावरच्या मेनिफोल्डच्या उघड्या तोंडात फडकं कोंबून ठेवलं होतं. मुद्दाम. पाना शोधून ती परत येते तो काय, फडकं नीट घडी करून स्टुलावर ठेवलेलं, आणि जोंगा जीपच्या बॉनेटपाशी पूजापाठवाले ढुंढिराजकाका डोळे मिटून पुटपुटत उभे!

"काका! काय टाकलंत आत?"

"अक्षता." काका प्रसन्न. "राजा घाटावरून खास आलो. नवा भाग बसतोय, पूजा नको? हळदकुंकू बाहेरूनच लावलंय हो."

"पण फडकं का काढलंत?"

"झाकलेल्याची पूजा होते का कधी?"

इरावतीने कपाळावर हात मारला. हाताला ग्रीस होतं, ते कपाळाला लागलं. अरे यार!

फौजेच्या लिलावातली ही जुनी जोंगा बाबांनी हौसेने घेतली आणि सामनेघाटच्या घरामागे आणून उभी केली. एका ओळीत सहा सिलिंडर, पण त्यांना पेट्रोल पाजायला एका तोंडाचा म्हातारा कार्बोरेटर. चढ आला की गाडी धापा टाकायची. इरावतीने महिनाभर डोकं खाऊन दोन तोंडांचा कार्बोरेटर मागवून घेतला, आणि त्यातली हवा सहाही सिलिंडरांना वाटणारा नळ्यांचा मेनिफोल्डही. बाबा, म्हणजे दिनानाथशास्त्री, विद्यापीठात संस्कृत शिकवायचे. त्यांनी अट घातली होती, रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी नदीवरचा रामनगरचा पूल चढली तर इंजिन तुझ्या ताब्यात. नाहीतर सोमवारी मिस्त्री येईल, आणि अकरावीच्या मुलीने बॉनेटला पुन्हा हात लावायचा नाही.

आज रविवार होता. आणि मेनिफोल्डात तांदूळ!

"किती टाकल्यात?"

"अक्षता कोणी मोजून वाहतं का, बाळ?"

"अंदाजे सांगा ना!"

"चिमूटभर."

काकांची चिमूट! प्रसादाचा शिरा वाढताना हीच चिमूट वाटीएवढी व्हायची.

दाणा व्हॉल्व्हखाली अडकला तर इंजिन गेलं. त्यामुळे सकाळभर आवळलेले सगळे नट पुन्हा सैल करायचे, मेनिफोल्ड उतरवायचा, सांध्यातलं गॅस्केट न फाडता सोलायचं. तिने काकांच्या हातात टॉर्च दिला.

"इकडे धरा. इकडे, काका! माझ्या डोळ्यांत नाही."

"तो बघ एक दाणा."

"दिसला."

"तो दुसरा. कुंकवाचा आहे."

"काका, रंग नका सांगू!"

घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावून तिने एकेका छिद्रातून दाणे ओढून काढले. सगळं पुन्हा बसवेपर्यंत उन्हं कलली. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं आणि असं गुरगुरलं की काकांनी हात जोडले. इरावती तर नाचलीच.

बाबा स्टिअरिंगवर, ती शेजारी, काका मागे. पुलाचा चढ लागला. जोंगा भरभर निघाली, आणि अर्ध्यावर खोकली. परत खोकली. मग बंद. मागून हॉर्नचा गदारोळ. एक स्कूटरवाला ओरडून गेला, "का हो गुरु, ठेल के ले जा!" ढकलत न्या म्हणे!

"झालं," बाबा म्हणाले आणि मिस्त्रीचा नंबर काढू लागले. "तरी मी म्हणत होतो..."

"दाणा असेल," मागून काका बारीक आवाजात म्हणाले.

"दाणा नाही! आणि बाबा, फोन ठेवा. एकदा स्टार्टर मारा. नुसतं ऐका."

बाबांनी चावी फिरवली. इंजिन लडखडत चाललं, आणि त्या लडखडीत एक बारीक फुसफुस होती. फुगा सुटल्यासारखी. इरावतीचा चेहराच बदलला.

"सांध्यातून हवा चोरतंय! इंजिन तापलं, गॅस्केट दबलं, नट ढिले पडले. गरम झाल्यावर पुन्हा आवळायचे असतात. मीच विसरले, आणि वेळ कुठे होता मला? तांदूळ वेचत बसले होते ना मी!"

काकांनी नदीकडे पाहिलं.

ती बॉनेट उघडून ओणवी झाली. नट तव्यासारखे तापलेले. "कापड द्या कोणीतरी!" काकांनी निमूट खांद्यावरचं उपरणं दिलं. मधून बाहेरच्या बाजूला, एकेक करत तिने ते आवळले. फुसफुस गेली. इंजिनाचा सूर एकदम सरळ झाला.

ती येऊन बसली. उपरणं काळं, नाक काळं. बाबांच्या हातात अजून मोबाईल होता. त्यांनी तो खिशात टाकला आणि गिअरवर हात ठेवून तिच्याकडे वळले.

"पहिला टाकू की दुसरा?"

"पहिला. आणि बाबा, घाबरू नका, ॲक्सिलरेटर दाबा!"