लेह ते लीलाबारी, अधिक अठरा मिनिटं

आमच्या बाबांना स्थळ पसंत करायला पत्रिका लागत नसे, एक गणित लागे. लखनौला मानक नगरच्या रेल्वे संशोधन कार्यालयात बावीस वर्षं रूळ तपासून त्यांची खात्री पटली होती, की जगातलं सगळं काही अंतर, वेग आणि वेळ यांत बसतं. मुलगा आला, पोहे समोर आले, की प्रश्न ठरलेला.

"लेह ते लीलाबारी. एक विमानतळ लडाखात, दुसरा आसामच्या टोकाला. विमानाला वेळ किती?"

१९८२ सालापर्यंत दोघं या प्रश्नावर आपटले होते. मला त्यांचं काडीचं दुःख नव्हतं. तिसरा विनय होता, अमौसी विमानतळाच्या टॉवरमधला. निशातगंजला गणपतीच्या नाटकात त्याने माझ्या नवऱ्याचं काम फार वाईट केलं होतं आणि तरीही मला तोच हवा होता. म्हणून मी आदल्या दिवशीच पेपर फोडला. साडेसतराशे किलोमीटर, उत्तर अडीच तास. एवढंच बोल आणि पोहे खा.

"दोन तास बारा मिनिटं, काका," विनय म्हणाला.

स्वयंपाकघरात मी कपाळावर हात मारला.

"अठरा मिनिटं खाल्लीस," बाबा खूश होऊन म्हणाले. "इंजिनिअरिंग अलाउन्स. रेल्वेच्या प्रत्येक वेळापत्रकात असतो. वाटेत रूळदुरुस्ती निघाली तर?"

"आभाळात?"

आईने पदर तोंडाला लावला. बाबांचा चेहरा उतरला. बावीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"आणि असं थेट विमानच नाही," विनय थांबेना. "आधी दिल्ली, मग कलकत्ता, मग गुवाहाटी, मग लीलाबारी. हवा बिघडली तर चार दिवस."

"तुला रे कसं ठाऊक?"

"माझी लीलाबारीला बदली झालीय, काका."

हे बाबांना हळूहळू सांगायचं ठरलं होतं. मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

बाबा उठले. आता ते विनयला दार दाखवणार, असं मी धरून चालले. त्यांनी कपाटातून रेल्वेचं वेळापत्रक काढलं, चष्मा लावला आणि अर्धा तास पानं उलटली. पोहे गार झाले.

"लखनौहून गाड्या बदलत अडीच दिवस," शेवटी ते म्हणाले. "अधिक आठ तास."

"आठ तास कशाचे, बाबा? इतना ज्यादा?" मी दारातून विचारलं.

"तुझ्या आईचे. ती स्टेशनवर रडत बसेल, गाडी सुटू देणार नाही."

"मी कशाला रडू?" आई म्हणाली. हाच होकार होता.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी आम्ही निघालो. आई खरंच रडली नाही. तिने डब्यात लाडू ठेवले, विनयला पाणी उकळून पिण्याची तंबी दिली आणि फलाटावर उतरली. गाडी वेळेवर सुटली.

बाबा उतरलेच नाहीत. माझ्या शेजारी बसून ते खिडकीतून रूळ तपासत राहिले. तासाभराने बाराबंकीला विनयने त्यांना हाताला धरून खाली उतरवलं.