एक 'व' जास्त

'कप फुटला' असं म्हणायची आमच्या घरात सोय नाही. "फुटला की फोडला? कोणी?" असा प्रश्न आतल्या खोलीतून येतोच. माझी बायको राज्यशास्त्र शिकवते आणि तिच्या राज्यात काहीही आपोआप होत नाही. मी दातांचा डॉक्टर. 'दात पडला' आणि 'दात पाडला' यांतल्या एका कान्यावर माझं पोट चालतं, म्हणून मी वाद घालत नाही.

हा चक्रमपणा नाही, अभ्यास आहे. मोठ्या कंपन्यांच्या हातात किती सत्ता असते आणि ती लपते कशी, हा तिचा विषय. कंपन्या दरवर्षी पर्यावरणाचे गुळगुळीत अहवाल काढतात. मुखपृष्ठावर कोवळं पान आणि आत नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बाईसाहेब लाल पेन घेऊन त्यात कर्ता शोधतात. 'झाडे तोडली गेली.' कोणी? 'सांडपाणी नदीत मिसळले.' स्वतःच्या पायांनी चालत गेलं? मुलाखतीत ती कंपन्यांच्या साहेबांनाही हेच विचारायची. साहेब पाणी प्यायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि "ते वरून ठरलं" म्हणायचे. वर म्हणजे कुठे, असं विचारलं की त्यांची दुसरी मीटिंग सुरू व्हायची. कोणीतरी एकदा 'मी केलं' म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

गेल्या वर्षी तिनं शहराबाहेरच्या तलावावर निबंध लिहिला. सरबताच्या बाटल्या भरणाऱ्या एका कंपनीनं तिथलं पाणी उपसलं होतं. निबंधाचं शेवटचं वाक्य होतं, 'कंपनीने तलाव आटवला.' आता गंमत बघा. त्याच कंपनीच्या देणगीतून विद्यापीठात नवं केंद्र निघत होतं आणि वर्षानुवर्षं तात्पुरत्या नोकरीच्या मुदतवाढीवर दिवस काढणाऱ्या माझ्या बायकोला तिथेच कायमची जागा मिळणार होती.

निबंध छापायला जाण्याआधी विभागप्रमुख घरी आले. हे तिचे जुने सर. कर्ता शोधायची खोड तिला लावली ती यांनीच. ताकाला जाऊन भांडं लपवत ते आधी हवेबद्दल बोलले, मग माझ्याकडून एक दाढ फुकट तपासून घेतली.

"अगं, एका अक्षराचा प्रश्न आहे," ते शेवटी म्हणाले. "'आटवला'मधला 'व' काढ. 'तलाव आटला.' खोटं आहे का ते? आटलाच ना?"

"मग 'कंपनीने' हा शब्दही जाईल, सर."

"तो काय, आपोआप जाईल."

"आपोआप?"

सरांनाच हसू आलं. मलाही आलं, पण मला ती जागा हवी होती. तिच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्या झोपेसाठीही. दर उन्हाळ्यात मुदतवाढीच्या काळजीनं ती घरभर फेऱ्या मारायची, तेव्हा जागा मीच असायचो.

"काढ ना गं," मी मध्ये तोंड घातलं. "एका 'व'साठी काय एवढं!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत आ करून बसलोय असं मला वाटलं. 'व' राहिला.

निबंध छापून आला आणि पाठोपाठ विद्यापीठाचा कागदही. 'सदर पद रद्द करण्यात आले आहे.' वाक्य वाचून ती आधी खो खो हसली. मग चप्पल घातली आणि सरळ निघाली. तिचा राग मला ठाऊक असल्यामुळे मी गाडी काढली.

सरांच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. तिनं कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

"कोणी, सर?"

"समितीत तसा निर्णय झाला गं."

"झाला?"

"वरून फार दबाव होता."

"वर म्हणजे कुठे?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. संपलं, आता मीटिंग निघणार, असं मला वाटलं. त्यांनी न पिताच ग्लास खाली ठेवला.

"मी," ते म्हणाले. "मी रद्द केलं. सही करताना कोणी माझा हात धरला नव्हता. घाबरलो मी."

कागद पिशवीत घालत ती म्हणाली, "थँक यू, सर."

गाडीत बसल्यावर मात्र ती हमसून हमसून रडली. नोकरीसाठी रडतेय असं समजून मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो.

"नोकरीचं नाही रे," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळ्यांना विचारत फिरले. एकच माणूस 'मी' म्हणाला, आणि ते माझेच सर निघाले."